अव्वाला जमेल असं

‘मला या घरात श्वास घेता येत नाही,’ मल्लिनाथ म्हणाला आणि त्यानं भाकरीचा घास आमटीत बुडवला. ‘पुढं काय होतं गं, नंदा? मला नीट पाठ झालं नाही.’

मी पळी हातात धरून तशीच उभी राहिले. ते वाक्य माझं होतं. दुपारी मी ते लॅपटॉपवर टाइप केलं होतं, कॉलेजातल्या मैत्रिणीला ई-मेल करायचा म्हणून. वाचलं, घाबरले आणि न पाठवताच पुसून टाकलं. जे कुठं गेलंच नाही, ते याच्या तोंडात कसं आलं?

‘हां, आठवलं. “कधी कधी वाटतं, हा माणूस एखाद्या दिवशी मला मारून टाकेल.” असं लिहितात का नवऱ्याबद्दल?’

‘अहो, मी ते पाठवलं नाही...’

त्यानं आमटीचं पातेलं उचललं आणि माझ्या अंगावर उलटं केलं. मान, खांदा, छाती, सगळं एकदम पेटलं. मी ओरडले. तो शांतपणे उठला, हात धुतले, टीव्हीचा आवाज वाढवला आणि दारामागच्या पिशवीतून काळ्या केबलचा तुकडा काढला. तो लातुरात दुकानांना, क्लासेसना, बंगल्यांना सीसीटीव्ही कॅमेरे बसवून द्यायचा. ती पिशवी कायम दारामागं असायची.

‘ओरडू नको. खाली होळकुंदे सर जेवत असतील.’

माझी सासू, अव्वा, भिंतीला टेकून चिंच फोडत बसली होती. तिची नजर टीव्हीवर होती. फटका बसला की तिचा हात थांबायचा, आणि मग पुन्हा चिंचेवर चालायला लागायचा. त्या सगळ्या वेळात तिनं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

दमल्यावर तो पलंगावर बसला आणि लहान मुलीला समजावून सांगावं तसं बोलायला लागला. ‘तुझ्या लॅपटॉपमध्ये मी एक प्रोग्राम टाकून ठेवलाय. तू एकेक बटण दाबतेस ना, ते मला मोबाइलवर दिसतं. पुसलंस तरी दिसतं. नाटकं करायची नाहीत.’

लॅपटॉप मात्र त्यानं काढून घेतला नाही. मी घरी बसून एका कोचिंग क्लासच्या प्रश्नपत्रिका टाइप करायची आणि ते काम त्याला चालू राहायला हवं होतं. माझा मोबाइल त्यानं लग्नानंतर लगेच बंद केला होता. अव्वाचाही काढून घेतला होता, घरातलं बाहेर जातं म्हणून. माहेरी मी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा माझ्या भावानंच मला परत आणून सोडलं होतं.

क्लासवर प्रश्नपत्रिका द्यायला आठवड्यातून एकदा जायची. मल्लिनाथ मोटारसायकलवर सोडायचा आणि खालीच थांबायचा. वर टायपिंगचा सगळा विभाग शाहीन तांबोळी मॅडम सांभाळायच्या. त्या माझ्यापेक्षा वयानं थोड्या मोठ्या, तोडून बोलणाऱ्या. त्या आठवड्यात मी पदर मानेभोवती घट्ट गुंडाळून गेले. त्यांनी तो न विचारता बाजूला केला आणि भाजलेलं बघितलं.

‘स्वयंपाक करताना सांडलं असं सांगणार असशील तर सांगू नकोस,’ त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. आमटीचं थोडक्यात, लॅपटॉपचं जास्त. खरं सांगायचं तर भाजल्यापेक्षा मला त्या दुसऱ्या गोष्टीची भीती जास्त बसली होती. अंगावर बाहेरून मारतो तो आता डोक्याच्या आतही बसलाय, असं वाटायचं. प्रश्नपत्रिकेतलं ‘योग्य पर्याय निवडा’ टाइप करतानासुद्धा मी मागं वळून बघायची.

‘पुढच्या वेळेपर्यंत मी उपाय शोधते,’ त्या म्हणाल्या. ‘तो प्रोग्राम काढून टाकला तर त्याला लगेच कळेल. तो आत तसाच झोपून राहील असं काहीतरी करू.’

पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्यासमोर टेबलावर तीन पेन ड्राइव्ह ठेवले.

‘तिन्हींत वेगवेगळं लिनक्स आहे, विंडोजच्या जागी चालणारं,’ त्या म्हणाल्या. ‘हा लावून लॅपटॉप सुरू केलास की आतलं जुनं काही जागंच होणार नाही. ह्यातलंच चालेल. काढून घेतलास की लॅपटॉप होता तसा. त्याला फक्त एवढंच दिसेल, की लॅपटॉप बंद आहे. आता तिन्हींतलं एक निवड. माझ्या मशीनवर लावून दाखवते, पटकन बघ.’

पहिलं होतं उबंटू. डावीकडं चित्रांची उभी पट्टी, खाली काहीच नाही. मी माउस घेऊन खाली डाव्या कोपऱ्यात गेले, सवयीनं. तिथं काही सापडेना. दुसरं त्यांचं स्वतःचं आवडतं होतं. फार हलकं, जुन्या मशीनवर पळणारं. पण त्यात बरंच काही आज्ञा टाइप करून करावं लागायचं. काळ्या चौकोनात पांढरी अक्षरं.

‘एकदा शिकलीस तर यासारखं काही नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘तुझा टायपिंगचा हात बसलेला आहे. तुला जमेल.’

‘आणि तिसरं?’

‘ते मिंट. अगदी नवख्या माणसासाठी. दिसायला पुष्कळसं तुझ्या जुन्यासारखंच. मेनू खाली डावीकडं, खिडक्या तशाच. कुणीही वापरेल.’

त्यांनी ते लावलं. पडद्यावर हिरवट पानाचं चिन्ह आलं. कोपऱ्यात जिथं मेनू हवा तिथं मेनू होता.

‘यातली चित्रं मोठी करता येतात?’ मी विचारलं.

‘येतात.’

‘किती मोठी? आणि चित्राच्या जागी एखादा फोटो लावता येतो? फोटोवर दाबलं की सरळ व्हिडिओ कॉल लागला पाहिजे. मध्ये काही विचारायला नको, काही टाइप करायला नको.’

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. ‘तुला तर चष्मापण नाही.’

खालून मोटारसायकलचा हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा लांबलचक.

‘मला नकोय ते,’ मी म्हणाले. ‘घरात अजून एक माणूस आहे. तिला जमेल असं पाहिजे.’

मॅडमनी पुढं काही विचारलं नाही. मिंटचा पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला आणि सुरू करताना कुठलं बटण दाबून धरायचं ते दाखवलं. मी तो अंबाड्यात खोचला आणि जिना उतरले.

अव्वाची मुलगी, मल्लिनाथची थोरली बहीण, सोलापूरला असायची. सगळे तिला अक्का म्हणायचे. अव्वाचा मोबाइल गेल्यापासून मायलेकींचं बोलणं मल्लिनाथच्या फोनवर, त्याच्यासमोर, स्पीकर लावून व्हायचं. अव्वाला आता फार कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावावा लागतो, असं त्यानं अक्काला सांगून ठेवलं होतं. अक्काचा भावावर फार जीव होता. माझ्याबद्दल ती लोकांत म्हणायची, ‘आमचा मल्लू साधा आहे, बायको जरा हट्टी मिळाली.’

दुपारी मी पेन ड्राइव्ह लावला तेव्हा अव्वानं विचारलं, ‘हे काय करायलीस?’

‘अक्काशी बोलायचंय का तुम्हाला?’

ती घाबरली. दाराकडं बघितलं. मग पदरानं हात पुसून जवळ आली. पडद्यावर मी अक्काच्या लग्नातला फोटो लावून ठेवला होता, ताटलीएवढा मोठा. ‘ह्या फोटोवर बोट ठेवल्यासारखा बाण आणायचा आणि दोनदा दाबायचं,’ मी म्हणाले.

‘शॉक बसंल की गं.’

‘नाही बसत.’

तिनं दाबलं. अक्काचा चेहरा उघडला आणि अव्वा मागं सरकली, जणू मुलगी खरंच घरात शिरली होती.

‘अव्वा? तुला ऐकू येतंय?’

‘येतंय की,’ अव्वा म्हणाली. ‘थोडं थोडं येतंय.’

मी बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले. आतून मला वाटत होतं, आता ही सांगेल. मी तिला यात ओढलं ते दोन कारणांनी. एक म्हणजे तिचाही हात त्यात असला की ती मुलाला काही सांगणार नव्हती. दुसरं कारण, तिनं तिच्या लेकीला सगळं सांगावं. मी कितीही सांगितलं असतं तरी अक्कानं विश्वास ठेवला नसता. आईनं सांगितलं तर ठेवला असता. पण अव्वा लिंबाच्या लोणच्याबद्दल बोलली. नातवाच्या दाताबद्दल बोलली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ‘मल्लूला यातलं काही बोलू नको बाई, तो चिडतो,’ एवढंच तिनं अक्काला बजावलं. अक्का हसली, ‘मायलेकींचं गुपित काय!’ म्हणाली. आदल्याच संध्याकाळी माझ्या पाठीवर केबल चालली होती आणि मी त्या दोघींपासून हातभर अंतरावर बसले होते.

अव्वा उठून गेली की मी माझं काम करायची. मॅडमना ई-मेल लिहायची. त्या माझ्यासाठी सोलापुरात खोली आणि टायपिंगचं काम शोधत होत्या. लॅपटॉप दुपारी बंद का असतो, असं मल्लिनाथनं विचारलंच. मी म्हणाले, ‘लोडशेडिंग असतं. बॅटरी तर टिकतच नाही त्याची.’ त्याला ते पटल्यासारखं दिसलं.

ज्या दुपारी ते घडलं त्या दुपारी मॅडमचं पत्र आलं होतं. खोली मिळाली होती. अव्वा तिचं बोलणं आटोपून लॅपटॉपशेजारीच सुपारी कातरत बसली होती. दाराला किल्ली लागल्याचा आवाज आला. तो कधीच त्या वेळी येत नसे.

तो आत आला, दार नुसतं लोटलं आणि चपला जागेवर नीट काढून ठेवल्या.

‘लाइट आली का?’ त्यानं विचारलं.

‘आत्ताच आली.’

‘बरं झालं.’ त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यावर आमच्याच घराचं बाहेरचं दार दिसत होतं. चोरांसाठी म्हणून त्यानं तिथं कॅमेरा बसवला होता. ‘हे मी सकाळपासून बघायलोय. लाइट नसताना हा कॅमेरा कशावर चालला गं? सांग की.’

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तो लॅपटॉपकडं वळला. मॅडमचं पत्र मी बंद केलं होतं. पडद्यावर फक्त हिरवं पान आणि अक्काचा फोटो.

‘हे काय आहे? कुणी दिलं?’

‘कुणी नाही. मीच...’

त्यानं माझे केस धरले आणि मला फरशीवरून ओढत स्वयंपाकघरात नेलं. उंबऱ्यावर माझं कपाळ आपटलं. पुढचा काही वेळ मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतो. त्याचा गुडघा माझ्या पाठीत. फडताळ उघडल्याचा आवाज. भांडी अंगावर पडली. आणि सारखा एकच प्रश्न, ‘कुणी दिलं?’ मॅडमचं नाव जिभेवर येत होतं आणि मी दात आवळून ते आत दाबत होते. एकदा नाव सुटलं असतं तर तो तिथून थेट क्लासवर गेला असता.

‘कुठल्या हातानं टाइप करतेस?’ तो म्हणाला.

मी हात पोटाखाली घेतले. त्यानं डावा ओढून काढला, दाराच्या फटीत बिजागरीकडच्या बाजूला घातला आणि पायानं दार ढकललं.

तसला आवाज माझ्या घशातून आला असेल यावर माझा आजही विश्वास बसत नाही. त्यानं पुन्हा दार उघडलं. ‘नाव सांग.’ पुन्हा ढकललं.

मी फरशीवर गाल टेकून पडले होते. तिथून बाहेरची खोली दिसत होती. अव्वा उठली नव्हती. अडकित्ता तिनं बाजूला ठेवला. चष्मा नाकावर वर सरकवला. तिचा हात माउसवर गेला आणि बाण शोधत शोधत, सावकाश, मी शिकवलं होतं तसा फोटोवर आला. तिनं दोनदा दाबलं. मग लॅपटॉप दोन्ही हातांनी धरला आणि त्याचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडं केलं.

रिंग वाजली. मल्लिनाथला ती आधी कळलीच नाही.

‘अव्वा, आता काय राहिलं बोलायचं?’ अक्काचा हसरा आवाज आला. मग तो थांबला. ‘हे काय... मल्लू? मल्लू! अरे, काय करायलास तू?’

त्यानं दार सोडलं. त्याच्या चेहऱ्यावर मी कधी बघितलं नव्हतं असं काहीतरी आलं, एखाद्या मुलाला आंघोळ करताना कुणी बघावं तसं. तो बाहेर गेला, आणि आवाज अगदी गोड केला. ‘अक्का, काही नाही गं. ही पडली. मी उचलायलो होतो.’

‘मी बघितलंय,’ अक्का म्हणाली. ‘मल्लू, मी बघितलंय.’

त्यानं लॅपटॉप उचलून भिंतीवर फेकला. तो फुटून खाली आला. मग तो अव्वाकडं वळला. ‘तू?’ एवढंच म्हणाला. त्यानं तिला दोन्ही हातांनी ढकललं. ती पलंगाच्या कडेवर आदळली, तिथून खाली घसरली आणि उठेना.

मी उभी राहिले होते. कशी ते माहीत नाही. तो पिशवीतली केबल घेऊन माझ्याकडं आला आणि ती त्यानं माझ्या गळ्याभोवती टाकली. या वेळी त्यानं काहीच विचारलं नाही. त्यावरून मला कळलं, की आता हा थांबणार नाही. डोळ्यांसमोर काळं यायला लागलं. त्याचं मनगट माझ्या तोंडाजवळ होतं. मी चावले. सगळी ताकद जबड्यात आणून चावले. तोंडात त्याचं रक्त आलं तरी सोडलं नाही. तो ओरडला. केबलची दोन्ही टोकं त्याच हातात आवळून धरत दुसऱ्या हातानं त्यानं माझ्या डोक्यात गुद्दे मारले, एकामागून एक, आणि मी तशीच चावत राहिले.

खालच्या मजल्यावरच्या होळकुंदे सरांचा नंबर अक्काकडं होता. ‘मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, तो तिला मारून टाकतोय, वर जा,’ असं तिनं त्यांना फोन करून सांगितलं. इतके दिवस त्या घरात सगळं ऐकू येत होतं. पण ऐकू आलेलं नाकारता येतं. सर जिन्यात थबकले असं नंतर कळलं. त्यांच्या पत्नी, काकू, थबकल्या नाहीत. किल्ली मल्लिनाथनं दाराला बाहेरून तशीच ठेवली होती. काकूंनी दार उघडलं, आत आल्या आणि हातातला खलबत्त्याचा बत्ता त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. केबल सैल झाली.

‘सोड गं आता, नंदा,’ काकू म्हणाल्या. ‘सोड. झालं.’

मला तोंड उघडायला वेळ लागला.

अक्का अंधार पडायच्या आत लातुरात पोचली. दवाखान्यात ती माझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि काही बोलायच्या ऐवजी माझ्या बँडेज बांधलेल्या हाताकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘फिर्याद तू दे. साक्ष मी देते.’ भावाविरुद्ध ती कोर्टात उभी राहिली. त्यासाठी तिच्या सासरचे तिला पुष्कळ बोलले. अव्वाला खुर्चीवरून कोर्टात आणलं होतं, तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. वकिलानं तिला आडवंतिडवं विचारलं. ती एकच उत्तर द्यायची, ‘मी तिथंच बसले होते.’ मल्लिनाथला शिक्षा झाली. ती भोगून तो कधीच सुटलाय. कुठल्याशा दुसऱ्या गावात असतो, असं ऐकते.

मी सोलापुरात त्या खोलीत राहायला गेले. माझी डाव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिली. टायपिंग मी बाकीच्या बोटांवर पुन्हा बसवलं. तांबोळी मॅडमही पुढं सोलापुरात आल्या; आता त्या आणि मी मिळून बायकांना कॉम्प्युटर शिकवतो. त्यांतली एखादी दार लावून घेते आणि हळू आवाजात विचारते, ‘मॅडम, सगळ्यात सोपं लिनक्स कुठलं?’ मी तिला आधी विचारते, घरात अजून कोण असतं.

अव्वा काही दिवस अक्काकडं राहिली. नंतर एका दुपारी अक्का तिला रिक्षातून माझ्या दारात घेऊन आली. ‘ही ऐकत नाही, तुझ्याकडंच जायचं म्हणते,’ एवढं सांगून पिशवी ठेवून गेली. तेव्हापासून आम्ही दोघी एकत्र आहोत. मी तिला अजून पूर्ण माफ केलंय असं नाही, आणि तीही ते मागत नाही.

मागच्या उन्हाळ्यात तिला अंगणात धरून चालवत असताना मी शेवटी विचारलं. ‘अव्वा, त्या दिवशी तुम्ही फोटो का दाबला? इतके दिवस तर टीव्हीकडं बघायच्या.’

ती थांबली. दम खाल्ला.

‘तुला सोडवायचं म्हणून नाही दाबला,’ ती म्हणाली. ‘खोटं कशाला बोलू? मल्लूचा बाप मला असंच करायचा. आमची अत्ती, माझी सासू, भिंतीकडं तोंड करून बसायची. मग मी तसं बसायले. त्या दिवशी तुझा हात दारात बघितला, आणि मला एकटीला बघवेना गं. वाटलं, आणखी कुणीतरी बघावं. बस, एवढंच.’

तिचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला होता.

‘चल,’ ती म्हणाली, ‘अजून एक फेरी मारू.’